कॅसेटमध्ये उरलेली जागा

(या भागाचं लिखित रूप. बसमध्ये, लेक्चरमध्ये किंवा इअरफोन घरी विसरलेल्या सगळ्यांसाठी.)

 

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "दादा, तू स्वतः काय ऐकतोस? यादी दे ना." म्हटलं देऊ. लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ही यादी कुणाला दाखवली तर तो म्हणेल, या माणसाचं नक्की काय चाललंय? प्रल्हाद शिंदे, एस. पी. बालसुब्रह्मण्यम, कुमार गंधर्व, हलगी, मेटॅलिका आणि सहारा वाळवंटातला एक गिटारवाला बँड. एका ताटात शेंगाचटणी, सांबार आणि पास्ता.

म्हणून आज नुसती यादी देत नाही. ही गाणी माझ्याकडे आली कशी, ते सांगतो. कारण यातलं जवळजवळ एकही गाणं मी स्वतः निवडलेलं नाही.

कॅसेट भरून घेणे

मी सोलापूरचा. नव्वदच्या दशकात वाढलेला. त्या वेळी गाणी 'डाउनलोड' नव्हती करत, कॅसेट 'भरून' घ्यायचे. तुमच्यापैकी अनेकांनी हे पाहिलेलं नसेल, म्हणून नीट सांगतो.

चौकात एक दुकान असायचं. दुकानवाल्या काकांकडे भिंतभर कॅसेटी. आपण वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची. दोन-चार दिवसांनी काका त्या यादीतली गाणी एकामागून एक त्यात भरून द्यायचे. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आता गणित करा. पाच-पाच मिनिटांची पाच गाणी भरली की पंचवीस मिनिटं झाली. उरली पाच. त्यात यादीतलं पुढचं गाणं बसत नाही. मग त्या उरलेल्या जागेचं काय करायचं?

आमचे दुकानवाले काका ती कोरी सोडत नसत. त्यात स्वतःच्या आवडीचं काहीतरी भरायचे. न विचारता. तुम्ही लावणी मागितलेली असो नाहीतर भक्तिगीतं, शेवटच्या चार मिनिटांत काय निघेल याचा नेम नाही.

आजचा सगळा भाग त्या चार मिनिटांबद्दल आहे असं समजा.

कॅसेटनं काय बदललं

थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळल्याशिवाय त्या दुकानाची किंमत कळत नाही.

कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ साली आणली. त्याआधी गाणं घरी ऐकायचं म्हणजे एकतर ग्रामोफोनची तबकडी, नाहीतर रेडिओ. तबकडी काढणं हे मोठ्या कंपनीचं काम, आणि रेडिओ सरकारचा. म्हणजे लोकांच्या कानावर काय पडावं हे ठरवणारी माणसं मोजकीच होती.

ती काय ठरवायची, याची दोन उदाहरणं. एक, १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. सिनेसंगीत हलकं आहे असं त्यांचं मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास गायबच झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथं अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि सगळा देश तिकडे पळाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली.

दुसरं उदाहरण हार्मोनियमचं. जी पेटी आपल्या प्रत्येक भजनी मंडळात असते, तिला आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षांहून जास्त काळ बंदी होती. कारण काय, तर ती परदेशी आहे आणि तिच्यात आपल्या श्रुती निघत नाहीत. गावोगावी लोक पेटीवर अभंग गात होते, पण रेडिओवर ती चालत नव्हती!

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हा सगळा मामला उलटा झाला. छोट्या गावातला छोटा माणूसही रेकॉर्डिंग करून विकायला लागला. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं यावर १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, तेही उत्तर भारतातल्या कॅसेटींवर. आपल्याकडे लोकगीतं, कव्वाल्या, भीमगीतं ही सगळी घराघरात पोचली ती या प्लॅस्टिकच्या डबीतून.

आमच्या घरातला आवाज

आमच्या घरात भीमगीतं होती. पप्पा सूतगिरणीत कामाला. पाळीवरून आले की अंघोळ, चहा आणि टेप. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदेंचा आवाज. १४ एप्रिलच्या आठवडाभर आधीपासून तर टेप बंदच व्हायचा नाही.

प्रल्हाद शिंदेंबद्दल एक गोष्ट मला लहानपणी फार कोड्यात टाकायची. जयंतीला आमच्या वस्तीत जो आवाज, तोच आवाज आषाढीला शेजारच्या गल्लीत विठ्ठलाची गाणी गायचा, आणि गणपतीत मंडपात तोच. मी पप्पांना विचारलं, हा माणूस नक्की कुणाचा? पप्पा म्हणाले, "ज्याचे कान आहेत त्याचा."

पुढे कळलं की शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. मंगळवेढा हे संत चोखामेळ्यांचंही गाव. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात जाता आलं नाही. त्यांची समाधी आजही पंढरपुरात महाद्वारासमोर पायरीपाशी आहे. दलितांना ते देऊळ उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केलं, इतकी शतकं गेली त्यात. आणि त्याच मंगळवेढ्याच्या घराण्यातला आवाज आज वारीच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर वाजतो. माणसाला जिथं थांबवलं, तिथं आवाज आत गेला. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, कॅसेटीत सापडलं.

भिंतीपलीकडची अक्का

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागाच्या कडेला. पूर्व भाग म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती. दिवसभर यंत्रमागांची खटखट, आणि घराघरात बायका विड्या वळत बसलेल्या. आमच्या भिंतीपलीकडची अक्काही मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि शेजारी टेप चालू. तिची आवडती कॅसेट 'शंकराभरणम्'ची. १९८० सालचा तेलुगू सिनेमा, संगीत के. व्ही. महादेवन यांचं, आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. मला एक शब्द कळत नव्हता, पण चाली सगळ्या पाठ.

मग 'हम आपके हैं कौन' आला. मी पडद्यासमोर बसलोय, सलमान खाननं तोंड उघडलं, आणि आवाज आला अक्काच्या घरातला! मी थिएटरात मोठ्यानं म्हणालो, "आई, हे तर अक्काचं गाणं!" गाणं वेगळं होतं, भाषा वेगळी होती, आवाज तोच. त्या दिवशी मला कळलं की शेजारच्या भिंतीतून येतं ते 'त्यांचं' आणि पडद्यावरून येतं ते 'आपलं', असं काही नसतं.

यामागचं कारण मानसशास्त्रात साधं आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या संशोधकानं १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली, तरी ती हळूहळू आवडू लागते. अर्थ कळायची गरज नाही. म्हणजे तुमची 'आवड' ही बरीचशी तुमच्या शेजाऱ्यांनी टेपचा आवाज किती मोठा ठेवला होता त्यावर ठरते. लहानपणी घर कुठं होतं, भिंत किती पातळ होती, हे तुमच्या प्लेलिस्टमध्ये ऐकू येतं.

हलगीचंही तसंच. आमच्याकडे मिरवणूक म्हणजे हलगी. वाजवायच्या आधी तिला जाळावर धरून तापवतात, म्हणजे कातडं ताणलं जातं आणि आवाज कडक येतो. अक्का ती बघून म्हणायची, "आमच्याकडं याला डप्पू म्हणतात." तमिळमध्ये तशाच वाद्याला परई म्हणतात. थोड्याफार फरकानं एकाच जातीचं वाद्य. आणि सगळीकडे ते वाजवायचं काम गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्याकडे. इंग्रजीत बहिष्कृत माणसाला 'परायाह' म्हणतात ना, तो शब्द या परईवरूनच आलाय. वाजवणारा नको, पण त्याच्याशिवाय लग्न नाही की जत्रा नाही.

एक ते आठ

आता तुम्ही म्हणाल, भीमगीत, विठ्ठलाचं भजन, कव्वाली, सिनेमाचं गाणं, हे सगळं एका कानात बसतं कसं? त्याचं एक कारण अगदी हातानं मोजता येतं. आत्ता करून बघा.

मांडीवर एक ते आठ मोजा, सारख्या गतीनं, आणि पुन्हा एकवर या. एकवर टाळी द्या, पाचवर हात नुसता उघडा. हा झाला केरवा. तबल्याचे बोल: धा गे ना ति, न क धि न. भजनी ठेकाही आठच मात्रांचा. बऱ्याचशा कव्वाल्या यावर, असंख्य सिनेगीतं यावर, आणि आमच्या घरातली बरीचशी भीमगीतं यावर. वजन कुठं द्यायचं, टाळी कशी मारायची, ढोलकी की तबला, हे बदलतं. खालचा सांगाडा तोच.

कॉलेजात पहिल्यांदा मेटॅलिका ऐकलं तेव्हा सुरुवातीला नुसता गोंगाट वाटला. मग मांडीवर बोटं आपोआप चालायला लागली. एक, दोन, तीन, चार... आठ. आणि एकावर सगळं बरोबर येऊन आदळत होतं. म्हटलं, अरे, हे तर ओळखीचं आहे! नवीन काहीही ऐकताना हा माझा पहिला उपाय. शब्द सोडा, आधी 'एक' कुठं आहे ते शोधा. तो सापडला की निम्मं गाणं तुमचं.

"मेमरी फुल आहे"

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शिकायला पुण्याला गेलो, हॉस्टेलवर राहिलो. खोलीत चौघं. पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला, "तू काय ऐकतोस?" हा प्रश्न साधा नसतो मंडळी. आडनाव विचारण्याचा तो एक सभ्य प्रकार असतो. एकाच्या फोनवरून चुकून एक भीमगीत वाजलं तेव्हा खोलीत जे हसू आलं, ते मी ऐकलं होतं. मी त्या रात्री माझ्या फोनमधली सगळी भीमगीतं पुसली. तेव्हा मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून मिळायचं. दुसऱ्या दिवशी जाऊन इंग्रजी गाण्यांनी भरून घेतलं.

त्याच खोलीत एक मित्र शास्त्रीय ऐकणारा. एका रात्री त्यानं कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावलं आणि मी ताडकन उठून बसलो. मला ते पाठ होतं. पाठ म्हणजे, अर्धं. पप्पांच्या भीमगीतांच्या कॅसेटच्या 'बी' बाजूला, शेवटी, उरलेल्या जागेत, दुकानवाल्या काकांनी ते भरलं होतं. अर्ध्यात कॅसेट संपायची आणि खटकन बटण वर यायचं. ते कुणाचं आहे, काय आहे, आम्हाला कधीच माहीत नव्हतं. पप्पा म्हणायचे, "राहू दे, बरं वाटतं." पुढचं अर्धं मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत ऐकलं.

मित्र थक्क. "तुला हे कसं माहीत? कुठं ऐकलंस?"

मी म्हणालो, "रेडिओवर."

भीमगीतांच्या कॅसेटवर, असं मी म्हणालो नाही.

काही महिन्यांनी पप्पा भेटायला आले. कॅन्टीनमध्ये बसलो. माझा नवा फोन त्यांनी हातात घेतला, एक इअरफोन कानात घातला, दोन-चार गाणी ऐकली आणि विचारलं, "आपलं काही नाही का यात?"

मी म्हणालो, "मेमरी फुल आहे, पप्पा."

त्यांनी मान हलवली आणि फोन परत दिला. एवढंच. भांडण नाही, काही नाही. पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि ते कुठल्याच कार्डातून पुसता येत नाही.

उंच काय आणि खालचं काय

नंतर मी कुमारजींबद्दल वाचत गेलो, आणि जास्तच लाज वाटली. सुळेभावी या बेळगावजवळच्या गावात जन्मलेला हा माणूस ऐन तारुण्यात क्षयरोगानं अंथरुणाला खिळला. उपचारासाठी मध्य प्रदेशात देवासला राहिला. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या काळात ते काय करत होते? ऐकत होते. माळव्यातल्या बायका गात होत्या ती लोकगीतं, दारावर येणाऱ्या जोग्यांची भजनं. बरं होऊन ते पुन्हा गायला उभे राहिले तेव्हा हे सगळं त्यांच्या गाण्यात आलं. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना 'धुनउगम राग' म्हणतात.

म्हणजे पुण्याच्या खोलीत ज्याला सगळे 'उच्च' संगीत म्हणत होते, ते दारावरच्या जोग्याकडून आलेलं होतं. आणि मी ज्याला 'खालचं' समजून पुसलं, तेही रस्त्यावरच्या माणसाचंच. दुकानवाल्या काकांनी ती दोन्ही एका कॅसेटीत शेजारी ठेवली होती. त्यांना हा सगळा इतिहास माहीत होता का? मला नाही वाटत. त्यांना फक्त दोन्ही आवडत होतं.

ॲपचं काय चुकतं

आता तुमचा मुद्दा. "दादा, आम्हाला तर ॲपच नवीन गाणी सुचवतं." बरोबर आहे, आणि मी ॲपच्या विरोधात नाही. ते कसं काम करतं ते बघा. थोडक्यात सांगायचं तर, तुमच्यासारखंच ऐकणाऱ्या हजारो लोकांनी आणखी काय ऐकलं, ते तुमच्यापुढे ठेवतं. शिवाय तुम्ही काय अर्ध्यात सोडलं याचीही नोंद ठेवतं. मग तुम्हाला पटेल तेच जास्त येत राहतं.

ॲपनंच मला 'टिनारिवेन' दिलं, हेही कबूल करतो. मालीतल्या तुआरेग लोकांचा बँड. निर्वासित म्हणून वाळवंटात भटकणारी पोरं गिटार शिकली. सुरुवातीच्या काळात त्यांनी एक जुगाड स्टुडिओ केला होता आणि लोकांना सांगायचे, कोरी कॅसेट घेऊन या, गाणी फुकट भरून देतो. त्या कॅसेटी हातोहात सहारामध्ये पसरल्या. २०१२ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. हे वाचलं तेव्हा मी हसत सुटलो. सोलापूरच्या चौकातले काका तिकडेही होते की!

पण फरक एवढाच. भीमगीतं ऐकणाऱ्या सूतगिरणीतल्या कामगाराला कुमार गंधर्व ऐकवावेत, हे ॲपला सुचणं अवघड आहे. कारण 'तुमच्यासारखे लोक' ते ऐकत नाहीत. काकांना ते सुचलं, कारण त्यांनी पप्पांकडे 'अमुकसारखा माणूस' म्हणून पाहिलंच नाही. ॲपला उरलेली जागा नसते. एक गाणं संपलं की तुमच्याच आवडीचं दुसरं तयार.

शेवटचं

गेल्या दिवाळीत घरी गेलो. पप्पांचा फोन चालेना. "बघ रे जरा, मेमरी फुल म्हणतोय." बघतो तर काय, चार हजार गुड मॉर्निंग! फुलं, सूर्य, चहाचे कप. तासभर बसून ते सगळं पुसलं, आणि मोकळ्या जागेत गाणी भरून दिली. वामनदादा, प्रल्हाद शिंदे, अक्काचं 'शंकराभरणम्'. आणि सगळ्यात शेवटी ते भजन.

ते सुरू झालं तसे पप्पा ओळखून गुणगुणायला लागले. मग ती जागा आली, जिथं आमची कॅसेट संपायची. पप्पांनी सवयीनं मान खाली घातली. गाणं पुढे चालूच. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे, हे पुढं पण आहे होय?"

मग मी त्यांना हॉस्टेलची गोष्ट सांगितली, कॅन्टीनमधली सुद्धा. ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं." आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. एक माणूस निवडा, जो तुमच्यासारखं अजिबात ऐकत नाही. त्याला त्यानं न मागितलेलं एक गाणं पाठवा. "ऐकून बघ" एवढंच लिहा, समजावत बसू नका. आणि त्याच्याकडून एक मागून घ्या, आवडो न आवडो, चार वेळा ऐका.

आणि कुणी विचारलं, "तू काय ऐकतोस?", तर खरं सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा.